आक्कांचा नंबर

४ मार्च

टंकलेखिकाबाई,

माझा जुना फोन बादलीत पडून वारला. नवा घेतला, नंबरही नवा मिळाला, तो पाकिटाच्या मागे लिहिला आहे. तू त्यावर एक अक्षर लिहिणार नाहीस हे ठाऊक आहे. दहा बोटांनी टाइप करणाऱ्या बाईने काचेवर एका बोटाने टिकटिक करावी, हा तुला अपमान वाटतो. शिवाय आज जे सांगायचं आहे ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

दुकानदाराने ते निरोपांचं ॲप फोनवर घालून दिलं. घरी येऊन चपला काढते न काढते तोच फोन टुणटुणायला लागला. बघते तर मी एका ग्रुपात. नाव 'दोरीवरचे'. माझ्यासकट चौदा माणसं. आधी वाटलं, सर्कशीतले लोक असावेत. दोन दिवस वाचल्यावर कळलं, हॉस्पिटलांच्या चादरी आणि गाऊन धुणाऱ्या कुठल्याशा मोठ्या धुलाईघरातले कामगार आहेत. दोरीवरचे म्हणजे वाळत घातलेले.

झालं असं, की माझा हा नंबर पूर्वी त्यांच्यातल्या आक्कांचा होता. आक्का इस्त्रीवर होत्या. निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या, जाताना नंबर सोडला, ग्रुप सोडायचा राहिला. फोन कंपनीने तोच नंबर पुसून-बिसून मला दिला. आता नंबर माझा आणि माणूस त्यांचं. "आक्का बोलत नाहीत, पण असतात," असं ते एकमेकांना सांगतात.

ग्रुपाच्या माथ्यावर कुलपाचं चित्र आहे. खाली लिहिलंय, 'इथले निरोप ग्रुपाबाहेरचं कोणीही वाचू शकत नाही. आम्हीसुद्धा नाही.' हे वाक्य मी चष्मा लावून, पाय वर घेऊन, सावकाश वाचलं.

त्यांची म्होरकी आहे घडीवाली. चादरींच्या घड्या घालते आणि माणसांच्या उलगडते. कुणाच्या पोराला ताप आला तर कुणी कुणाची पाळी करायची, हे ती तिथे ठरवते. गाडी ढकलणाऱ्या माणसाची पाठ गेली आहे, तो बिचारा तिथेच कण्हतो. कामावर कण्हायची सोय नाही. त्यांच्या वरच्या साहेबाला ते 'खळसाहेब' म्हणतात, कारण त्याची कॉलर खळीने इतकी ताठ असते की मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागतं. ही माणसं त्या कुलपामागे जितकं मोकळं बोलतात, तितकं आपल्या कोर्टात कुणी शपथेवरही बोललं नव्हतं.

चोवीस तासांनी निरोप आपोआप पुसले जातात. हे कळलं आणि माझे हात शिवशिवले. बत्तीस वर्षांची खोड. कुणी बोललं की उतरवून घ्यायचं. एक वही केली आहे. लघुलिपीत लिहिते, म्हणजे चोरीला गेली तरी चोराला वाटेल, पानांवरून कोंबडी चालत गेली.

बाहेर पडायचं बटण कुठे आहे ते मला माहीत आहे. अजून दाबलेलं नाही.

तुझी,
लघुलेखिका


१० मार्च

लघुलेखिकाबाई,

जनाची नाही तर मनाची तरी ठेव. आपण दोघींनी त्या कोर्टात माणसांचे घटस्फोट ऐकले, खून ऐकले, सख्ख्या भावांची भांडणं ऐकली, आणि घरी जाऊन नवऱ्याला 'भाजी काय आणू' एवढंच विचारलं. पण तेव्हा आपण कोपऱ्यात टेबल मांडून बसलेलो सगळ्यांना दिसत होतो. तू आता पलंगाखाली बसली आहेस.

आजच्या आज लिही की मी आक्का नाही, आणि बाहेर पड.

पण पडण्याआधी, त्या गाडीवाल्याला खळसाहेबाने रजा दिली का, तेवढं कळव.

टंकलेखिका


१५ मार्च

ती. ताईस नमस्कार.

तुझा नवा नंबर पोचला, ऑफिसच्या डायरीत लिहून ठेवला. निरोप मात्र फोनवर पाठवू नकोस. मी त्या ॲपवर नाही आणि येणारही नाही. मागे मोठ्या साहेबांबद्दल मी एका मित्राला खासगीत दोन शब्द लिहिले होते. त्या मित्राने फोटो काढून पुढे पाठवला आणि माझी बढती दोन वर्षं मागे गेली. तेव्हापासून कागदच बरा. कागद फाडता येतो.

माझ्याकडच्या कामगारांनी काय आरंभलंय ते ऐक. तेराजणांचा कुलूपबंद ग्रुप. मी धुलाईत शिरलो की सगळे चादरीसारखे सपाट, आणि पाठ फिरवली की मागे खसखस. आमच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, उघडता येईल का. तो म्हणाला, "साहेब, ज्यांनी बनवलं त्यांनाही उघडता येत नाही." मी म्हटलं, मग हे कुलूप आहे की भिंत?

मी कुणाशी वाईट वागत नाही, तू मला ओळखतेस. वेळेवर येतो. कपडे कडक, कॉलर कडक, आवाज कधी चढवत नाही. कुणी काही मागितलं तर नाही म्हणत नाही. 'महिनाअखेरीला बघू' म्हणतो. तरी तक्रारी. सध्या तीन नंबरच्या ड्रायरच्या मागे लागलेत. ड्रायर उत्तम आहे, तसं मी अहवालात सही करून दिलं आहे. यांना काम नको, बाकी काही नाही.

खरं सांगू? हातातलं घड्याळ काढून देईन, पण हे लोक माझ्याबद्दल तिथे काय बोलतात ते एकदा कळलं पाहिजे.

तुझा,
धाकटा


२० मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र वाचलं. मला त्या ग्रुपांतलं काही कळत नाही बाबा. माझ्या फोनवर नुसतं हवामान येतं, तेही चुकीचं.

दोन गोष्टी सांगते. लोकांचं खासगी बोलणं ऐकायची हाव धरू नये, घड्याळ हातातच असू दे. दुसरी, मला परवा एक स्वप्न पडलं. तुझ्या तीन नंबरच्या ड्रायरचं दार उघडं होतं, तरी आतलं पिंप गरागरा फिरत होतं. दार उघडलं की मशीन थांबवणारा जो खटका असतो, तो कुणीतरी तारेने दाबून बांधला होता. बारीक तार, दुपदरी. म्हातारीचं स्वप्न म्हण हवं तर, पण खटका नवा बसवून घे. महिनाअखेरीला नको, आज.

आणि तुझ्याकडे कुणाची पाठ दुखत असली तर रजा देत जा. पाठ काय, कुणाचीही दुखू शकते.

ताई


२० मार्च

टंकलेखिकाबाई,

गाडीवाल्याला रजा मिळाली नाही. आणि आता धड बस, कारण खळसाहेब म्हणजे आमचा धाकटा.

त्याच्या पंधरा तारखेच्या पत्रात सगळं आलं. तीन नंबरचा ड्रायर, ताठ कॉलर, 'महिनाअखेरीला बघू'. हे शेवटचं वाक्य तर माझ्या वहीत त्याच्या नावावर नऊ वेळा आहे. तो एका हॉस्पिटल-धुलाईचा प्रमुख आहे हे मला माहीत होतंच. जगात अशी धुलाईघरं किती असतील, असं स्वतःला समजावत मी दहा दिवस काढले होते.

तू म्हणशील, आता तरी सांगून टाक. बसले होते गं लिहायला. 'मी आक्का नाही' इथपर्यंत लिहिलं. मग त्यांनी विचारलं असतं, तर कोण? आणि उत्तर काय, तर खळसाहेबाची बहीण. पुसून टाकलं.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. तीन नंबरच्या दाराचा खटका बिघडलाय, मशीन मध्येच बंद पडायचं. घडीवालीने चौदा तारखेला अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याला सांगितलं. हा म्हणाला, "तारेने बांधा, महिनाअखेरीला बघू." तिने बांधला. आता दार उघडलं तरी पिंप फिरत राहतं. बांधून आल्यावर तिने ग्रुपात लिहिलं, 'साहेबांच्या सांगण्यावरून बांधलाय, सगळ्यांनी हात सांभाळा.' दुसऱ्या दिवशी आमच्या चिरंजीवांनी मला लिहिलं, ड्रायर उत्तम आहे. मी त्याला स्वप्नाची थाप मारली आहे. स्वप्नात तारेचे पदर मोजणारी मी पहिलीच बाई असेन.

आणि आता सगळ्यात वाईट. काल जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मत घेतलं. येत्या मंगळवारपासून, खटका नवा बसेपर्यंत कुणी मशीनला हात लावायचा नाही. हो म्हणायचं असेल तर अंगठा वर, नाही तर खाली. सहा वर, सहा खाली. गाडीवाला डॉक्टरकडे. सगळं तिथेच थांबलं असतं. पण घडीवालीने लिहिलं, "आक्का, तुम्ही तरी वाचताय ना?" इतक्या आपुलकीने विचारलं की उत्तर न देणं मला उद्धटपणाचं वाटलं. वाचतेय एवढंच कळवायला मी अंगठा दाखवला. वर.

लगेच खाली निरोप. "सात विरुद्ध सहा. आक्कांनी कौल दिला."

बत्तीस वर्षं लघुलेखन केलं आणि अखेर अंगठेबहाद्दर झाले. सख्ख्या भावाच्या धुलाईत मी काम बंद पाडलंय. काय करू?

लघुलेखिका


२३ मार्च

लघुलेखिकाबाई,

तुझं पत्र आत्ता मिळालं. टपाल तीन दिवस घेतं आणि मंगळवार तीन दिवसांवर आहे, म्हणून हे लिहायच्या आधी तुला फोन केला. तू म्हणालीस, सोमवारी धाकट्याशी बोलते. काय बोलणार, असं विचारलं तर म्हणालीस, बघते. 'बघते' आणि 'महिनाअखेरीला बघू' एकाच घरचे शब्द दिसतात.

स्वप्न पुरे. त्याला सरळ सांग.

टंकलेखिका


३० मार्च

ती. ताईस नमस्कार.

अक्षर माझं नाही. उजव्या हाताला थोडं लागलं आहे म्हणून दुसऱ्याकडून लिहवून घेतो आहे. (थोडं नाही. तीन बोटं मोडलीत आणि मनगट भाजलंय. साहेब म्हणाले 'थोडं' लिही, म्हणून लिहिलं.)

मंगळवारी आमच्या कामगारांनी अचानक काम थांबवलं. (आदल्या दिवशी आणि सकाळी आठ वाजता, असं दोनदा सांगून.) ऑपरेशनच्या गाऊनची गाडी दहाला सुटायची होती, म्हणून मी स्वतः तीन नंबरचा ड्रायर चालू केला. ड्रायर उत्तम होता. (हे वाक्य साहेबांनी मला परत वाचायला लावलं.) ड्रायर चालू होता. दार उघडलं तेव्हा वाटलं पिंप थांबलं असेल. ते थांबलं नव्हतं. बाही अडकली. कुणीतरी धावत येऊन मेन बंद केला. (मी.)

सोमवारी तुझा फोन आला तेव्हा मी घाईत होतो. तू पुन्हा ते स्वप्न काढलंस, मला हसू आलं. आता येत नाही.

हॉस्पिटलातलं जेवण बरं आहे. येण्याची दगदग करू नकोस.

धाकटा


साहेबांच्या ताई, कागदाची ही बाजू माझी आहे. त्यांना पत्र वाचून दाखवताना मी कंस गाळले, आणि ही बाजू दाखवली नाही.

मी त्यांच्याकडे घड्या घालायच्या टेबलावर आहे. म्हणजे होते. मशीनला तार कुणी बांधली, असं कंपनीने विचारलं. मी बांधली, असं मी सांगितलं. कुणाच्या सांगण्यावरून? साहेबांच्या. त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, आठवत नाही. मला कामावरून थांबवलंय. नऊ तारखेला चौकशी आहे. मी आज त्यांना एवढंच विचारायला आले होते, की खरंच आठवत नाही का. त्यांनी मला खुर्ची दिली, कागद दिला आणि म्हणाले, ताईला दोन ओळी लिहून देतेस का. विचारायचं राहून गेलं.

आमचा एक ग्रुप आहे. तार बांधली त्या दिवशी मी तिथे लिहिलं होतं. पण आमचे निरोप दिवसात पुसले जातात. साहेबांच्या हाती काही लागू नये म्हणून आम्हीच तशी व्यवस्था केली होती. तेराच्या तेरा फोन धुंडाळले. साहेबांच्या हाती काही लागलं नाही, आणि आमच्याही.

आता तुमचं. साहेबांनी डायरीतून नंबर काढून दिला, म्हणाले, पत्र पोचायच्या आधी ताईला कळव. मी आकडे दाबत गेले आणि अर्ध्यातच माझा फोन म्हणाला, आक्का.

मी फोन पालथा ठेवला. कुणाला काही बोललेले नाही. साहेबांनाही नाही. आधी तुम्हीच सांगा, तुम्ही कोण आणि तुम्ही काय काय वाचलंत.


३ एप्रिल

घडीवालीबाई,

मी आक्का नाही. आक्कांनी नंबर सोडला, तो मला मिळाला, त्यातून मी तुमच्या ग्रुपात आले. हे चार मार्चला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आधी मौज वाटली म्हणून, आणि पुढे खळसाहेब माझा भाऊ निघाला म्हणून. सगळं वाचलं. गाडीवाल्याची पाठ, तुमच्या सुनेचं बाळंतपण, इस्त्रीवाल्याचं व्यसन, सगळं. ज्याने ते ॲप बनवलं त्याने आपला शब्द पाळला, त्यातून थेंबभरही गळलं नाही. तुमच्या घराला कुलूप पक्कं होतं आणि मी आतच बसलेली होते.

मंगळवारचं सातवं मतही माझं. तुम्ही विचारलंत, वाचताय ना, त्याला मी 'हो' म्हटलं. तुम्ही ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर धरलंत. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

मी कोर्टात लघुलेखिका होते. तुमचे निरोप मी रोजच्या रोज वहीत उतरवले आहेत. ते वाचेल असं माझ्याखेरीज आता कुणी सापडणं कठीण. त्यातला चौदा मार्चचा तुमचा स्वतःचा निरोप, तारीख आणि वेळेसकट, साध्या अक्षरात उतरवून सोबत जोडला आहे. बाकीच्या बाराजणांचा एक शब्दही त्यात नाही. चौकशीत हवा तसा वापरा. मला बोलावलं तर वही घेऊन येईन.

तो माझा भाऊ आहे, हे मी विसरलेले नाही. त्याला काय लिहिलं आहे तेही तुम्हाला सांगून ठेवते. मी तुमच्या ग्रुपात होते, तिथे त्याला 'न ऐकणारा' म्हणतात, आणि हा कागद तुमच्याकडे येतो आहे.

हे पत्र पेटीत टाकलं की ग्रुपातून बाहेर पडते. सगळ्यांना निरोप जाईल, 'आक्का गेल्या'. आधी समजावून ठेवा, नाहीतर लोक शोकसभा घेतील.

तुमची अपराधी


३ एप्रिल

चि. धाकट्या,

स्वप्न पडलं नव्हतं.

तुझ्या कामगारांच्या ग्रुपात मी महिनाभर होते, चुकून, आणि नंतर हट्टाने. कशी, ते भेटलास की सांगेन. तुझ्याबद्दल काय बोलतात हे तुला हवं होतं ना? ते तुझ्या कपड्यांना हसतात. तुला वाईट माणूस कुणीच म्हटलं नाही. 'न ऐकणारा' म्हटलं, तेवीस वेळा.

चौदा मार्चला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तू तिला काय सांगितलंस, ते तिने त्याच दिवशी लिहिलं आणि मी वहीत घेतलं. त्याची नक्कल आज तिला पाठवली. हे तुला सांगते आहे, कारण एकाच्या पाठीमागे दुसऱ्याचं ऐकत बसायची मला आता शिसारी आली आहे.

काम बंद पाडायला माझंही मत होतं. तेव्हा चुकून पडलं. आज कुणी विचारलं असतं तर जाणूनबुजून दिलं असतं.

मी तुला काही कर म्हणत नाही. जिने मेन बंद केला, तिच्याकडूनच तू मला पत्र लिहवून घेतलंस आणि त्यात तिचं नाव 'कुणीतरी' घातलंस. तेवढं एकदा पुन्हा वाचून बघ.

ताई


६ एप्रिल

लघुलेखिकाबाई,

दोन्ही पत्रांच्या नकला वाचल्या. पहिल्यांदाच तुझ्या लिहिण्यात खोडायला काही सापडलं नाही. भाऊ बोलेनासा होईल, त्याची तयारी ठेव. माझ्याकडे ये चार दिवस. फोन घरी ठेवून.

टंकलेखिका


१७ एप्रिल

ताई,

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षरं मोठी आहेत, वाक्यं लहान. चालवून घे.

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. नर्ससमोर फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. एका आईच्या पोटची बहीण माझ्याच माणसांत बसून माझं ऐकत होती, हे डोक्यातून जाईना. त्याहून 'तेवीस वेळा' जाईना. तू आकडा चुकत नाहीस.

चौकशीला गेलो. हात गळ्यात बांधलेला. समोर तीन अधिकारी, बाजूला ती. तिच्या मांडीवर पर्स होती. सगळा वेळ माझं लक्ष त्या पर्सकडे. तुझा कागद आत आहे, आता काढेल, मग काढेल. अधिकाऱ्याने तिला विचारलं, तुमच्याकडे काही पुरावा? ती म्हणाली, "साहेबांना विचारा." पर्सची चेन तिने उघडलीच नाही. मला वाटलं, मी खोटं बोलायची ती वाट बघते आहे. बोललो की काढणार.

मला विचारलं. मी म्हटलं, तार मी बांधायला सांगितली. अहवालात 'उत्तम' लिहिलं तेही मीच, खटका न बघता.

हे धैर्याने केलं असं समजू नकोस. पकडलं जाण्याआधी कबूल केलेलं बरं, एवढाच हिशेब होता.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, कागद काढायची वेळ आली नाही ते बरं झालं. ती म्हणाली, "कुठला कागद?" मग तिने सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी तिने तो कागद भिजवून त्याचा लगदा केला. "तो दाखवला असता तर वही मागितली असती. वही एकदा टेबलावर आली की एका पानावर थांबत नाही. बाराजणांनी मला विश्वासाने सांगितलेलं तिथे मोठ्याने वाचलं गेलं असतं. माझी नोकरी त्यापुढे काय." आणि पर्समध्ये? पर्समध्ये बसचा पास होता.

म्हणजे मी नसलेल्या कागदाला भिऊन खरं बोललो. तू हसशील. मीही हसलो, पण दोन दिवसांनी.

ती कामावर परत आली. तीन नंबरला नवा खटका बसला, सगळ्यांदेखत तपासून. मला प्रमुखपदावरून काढून कोठीत बसवलंय. साबण, सोडा, दोऱ्या, बटणं. नोकरी राहिली, तीही तिघांपैकी एका अधिकाऱ्याच्या आग्रहाने. ते लोक आता तोंडावर बोलतात की ग्रुपात, मला माहीत नाही. ग्रुप अजून आहे. दर महिन्याला एकेकाने समोर उभं राहून 'मी आहे' म्हणायचं, असा नियम केलाय म्हणे. मी विचारायला जात नाही.

तुझ्यावर राग आहे. या पत्राला बसलो तो तुला चार खरमरीत शब्द सुनवायलाच. पण डाव्या हाताने एक ओळ लिहायला इतका वेळ लागतो की दुसऱ्या ओळीपर्यंत राग पुरत नाही. हे पत्र तीन दिवस चाललंय.

काल ती साबण न्यायला कोठीत आली. चिठ्ठीवर माझी सही लागते. मी डाव्या हाताने केली, ती माझी मलाच ओळखू येईना. तिने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. मी म्हटलं, "दुसरी करून देऊ का?"

ती म्हणाली, "राहू दे. कुणी विचारलं तर सांगेन, माझ्यासमोर केलीय."

तुझा,
धाकटा